सिनॉप्सिसच्या पहिल्या पानामागचा इतिहास

कोल्हापुरात पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोललं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "विषय डोक्यात पक्का आहे, पण इंग्रजीत उतरत नाही." गडहिंग्लजकडची एखादी मुलगी घरी कन्नड बोलते, कॉलेजात मराठी, बाजारात हिंदी. इतक्या भाषा वागवणाऱ्या मुलीला सिनॉप्सिसचं, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याचं, पहिलं पान लिहिताना घाम फुटतो आणि मग 'इंग्रजी कच्चं आहे' असा शिक्का तिच्यावर बसतो. हा शिक्का मला चुकीचा वाटतो. शास्त्रीय लेखनाचं इंग्रजी तिला कुणी शिकवलेलंच नसतं, आणि ते का शिकवलं गेलं नाही याचं उत्तर बरंच मागे जाऊन शोधावं लागतं.

बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' काढलं, तेव्हा पानावर दोन रकाने होते : एक इंग्रजी, एक मराठी. एकच मुद्दा दोन्ही भाषांत मांडायचा, तर वाक्य नुसतं उलथवून भागत नाही, विचारच दोनदा जुळवावा लागतो. मराठीतली विरामचिन्हंही याच काळात इंग्रजीच्या सहवासातून आली आणि मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याचा त्यात मोठा वाटा होता. म्हणजे त्या पिढीत देवाणघेवाण चालू होती. इंग्रजी शिकताना मराठी गद्यही घडत होतं.

पुढे 1835 मध्ये शिक्षण इंग्रजीतून द्यावं असं सांगणारं मेकॉलेचं टिपण आलं, 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, आणि उच्च शिक्षण म्हणजे इंग्रजी हे समीकरण बसलं. कोल्हापुरात राजाराम कॉलेज 1880 मध्ये सुरू झालं ते याच चौकटीत. परीक्षा मुंबईच्या, भाषा इंग्रजी.

या चौकटीला खरा धक्का दिला तो राजर्षी शाहू महाराजांनी. 1901 पासून त्यांनी मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा वेगवेगळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली, तशी खेड्यापाड्यातली मुलं शहरात आली. घरात शिकलेलं कुणी नसलेली ही पहिलीच पिढी. या मुलांपुढच्या अडचणीकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. "काय करालाईस?" म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकातली पुणेरी मराठीसुद्धा शिकावीच लागत होती. म्हणजे इंग्रजीपर्यंत पोचायला त्याला दोन पायऱ्या होत्या, आणि पहिल्या पायरीचे गुण कुणी मोजत नव्हतं. ते आजही कुणी मोजत नाही.

इंग्रजी आणि मराठी असे दोन्ही रकाने एकाच माणसाने समर्थपणे चालवल्याचं सर्वांत मोठं उदाहरणही याच परिसरातून गेलेलं आहे. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' मराठीत सुरू केलं आणि त्याला शाहू महाराजांनी आर्थिक मदत केली. 21 आणि 22 मार्चला कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली. त्याच वर्षी बाबासाहेब लंडनला परतले आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या इंग्रजी प्रबंधासाठी लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. माणगावच्या सभेत बसलेल्या माणसाला पटेल असा युक्तिवाद आणि लंडनच्या परीक्षकाला पटेल असा युक्तिवाद, दोन्ही एकाच लेखणीतून आले. मला यात इंग्रजीवरच्या प्रभुत्वाइतकंच महत्त्वाचं वाटतं ते हे की मुद्दा कसा उभा करायचा याची शिस्त त्यांच्याकडे दोन्ही भाषांत होती.

वर्गातलं शिक्षण मात्र दुसऱ्याच वाटेने गेलं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. वाक्यरचना पक्की झाली, पण परिच्छेद शिकायचा राहिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही काळ इंग्रजी आठवीपासून होतं. 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं, गावोगावी कॉलेजं निघाली आणि तिथे इंग्रजीचा पेपर म्हणजे धडे, कविता आणि संदर्भासह स्पष्टीकरण. 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, सेमी इंग्लिश वाढलं, आणि भर संभाषणावर गेला. भाषांतर झालं, साहित्य झालं, बोलणं झालं. पण पुराव्यानिशी स्वतःचं म्हणणं लिहून सिद्ध करणं कधी स्वतंत्र विषय म्हणून आलंच नाही. मराठीच्या तासालाही नाही, हे विसरू नये.

बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स 1979 पासून मांडत आले. स्थलांतरित मुलं दोनेक वर्षांत बोलायला सरावतात, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरी गाठायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांना दिसलं. शिवाय पहिल्या भाषेत कमावलेली विचाराची ताकद दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, असंही त्यांचं म्हणणं. भाषातज्ज्ञ जॉन स्वेल्स यांनी 1990 मध्ये शोधनिबंधाच्या प्रस्तावनेची घडण उलगडून दाखवली : आधी विषयाचं क्षेत्र सांगायचं, मग त्यात राहिलेली पोकळी दाखवायची, आणि ती आपण कशी भरणार ते सांगायचं. गुळाच्या बाजारपेठेवर काम करणाऱ्याने 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' इथून सुरुवात केली, की पोकळीपर्यंत पोचायला चार पानं जातात. त्या मुलाचं व्याकरण तपासून हा दोष सुटणार नाही.

व्याकरणाच्या अडचणीही आहेत, पण त्या मराठीतून समजावल्या तर लवकर सुटतात. आपल्याकडे 'अ' आणि 'द' यांच्यासारखी उपपदं नाहीत, त्यामुळे ती कुठे घालायची हे कानाला कळत नाही. आपला 'च' कुठल्याही शब्दाला चिकटतो. 'शेतकऱ्यांनीच सांगितले' हे लिहिताना मुलं 'ओन्ली' भलत्या जागी ठेवतात आणि अर्थ फिरतो. 'जो... तो' या जोडीमुळे इंग्रजी वाक्यात एक सर्वनाम जास्तीचं येतं. क्रियापद शेवटी ठेवायची सवय असल्याने मुख्य म्हणणंही वाक्याच्या शेपटीला जातं. पण एका बाबतीत मराठी मूल तयारीचं असतं. 'पाऊस कमी झाला असावा', 'बहुधा', 'असे दिसते', अशा जपून बोलण्याच्या कितीतरी तऱ्हा त्याच्या जिभेवर आहेत. शोधनिबंधात दावा नेमका तेवढाच करायचा असतो जेवढा पुरावा आहे. हे कौशल्य आजीच्या बोलण्यातून आलेलं असतं, फक्त 'असावे'ची सांगड इंग्रजीतल्या 'मे' आणि 'सीम'शी कुणी घालून देत नाही.

2018 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याबाबत नियम केले. दुसऱ्याच्या लेखनाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई. नियम योग्यच आहे. पण शाळेत उत्तर जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण गुण, आणि विद्यापीठात तेच केलं की चोरी. हा बदल नेमका कधी झाला, हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. मग तो साम्य कमी करायला शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालत बसतो आणि वाक्याचा अर्थच हरवतो. मी अशा मुलांना मूळ परिच्छेद वाचून पुस्तक मिटायला सांगते, त्यातलं म्हणणं मैत्रिणीला आपल्या बोलीत सांगायला लावते, अगदी 'त्येचं म्हणणं असं हाय की' इथून, आणि मग ते इंग्रजीत लिहायला लावते. पहिल्या खेपेला वाक्यं आखूड येतात, पण ती त्यांची स्वतःची असतात.