तिहेरी उडीने गर्भाशय सरकत नाही

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी ग्रुपवर उन्हाळी शिबिरं जवळ आली की एक मेसेज फिरतो: ‘मुलींना तिहेरी उडी मारायला लावू नका, गर्भाशय सरकतं.’

पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात, आणि समज जुना आहे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची तिहेरी उडी १८९६ पासून आहे, बायकांची थेट १९९६ मध्ये आली.

गर्भाशय ओटीपोटात, हाडांच्या कोंदणात असतं. अस्थिबंध आणि खालचे स्नायू ते धरून ठेवतात. उडीने ते जागचं हलून बसत नाही. (नऊ रात्री गरब्यात आपणही कमी उड्या मारत नाही.) खरा दणका टाच, घोटा आणि गुडघ्याला बसतो. तिहेरी उडीचे टप्पे तीन: लंगडी, ढांग आणि उडी. त्यातल्या मधल्या ढांगेत एका पायावर वजनाच्या दहापटीहून जास्त भार येऊ शकतो. काही जणींना उड्यांमुळे थोडी लघवी गळते, हे खरं. पण तो स्नायूंचा प्रश्न, योग्य व्यायामाने बहुधा सुधारतो.

पडताळायचं असेल तर ऑलिंपिकमधल्या बायकांच्या तिहेरी उडीचे निकाल काढा: २००४ आणि २००८, दोन्ही सुवर्णपदकं एकाच खेळाडूची, आणि मधल्या काळात ती आई झालेली. शंका उरलीच तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. शिबिरात मात्र खड्ड्यातली वाळू भुसभुशीत आहे ना, ते जरूर पाहा.