मैफलीच्या व्हिडिओवर बोलण्याआधी

पणजीला कला अकादमीत किंवा फोंड्याकडच्या एखाद्या देवळात रात्री गाणं झालं, की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत त्याचा व्हिडिओ फोनवर आलेला असतो. दुपारपर्यंत दोन तट पडतात. समोर बसून ऐकलेले सांगतात, बागेश्री राग असा रंगला की जागेवरून उठवेना. घरी पडद्यावर पाहिलेले म्हणतात, गळा थकलेला वाटला, तबला अंगावर येत होता, भैरवी तेवढी जमली. गेल्या हंगामात आमच्याच घरी जेवणाच्या पानावर हा वाद झाला. मी त्या मैफलीला होतो, धाकट्या भावानं ती फोनवर पाहिली होती. दोघंही खरंच बोलत होतो, आणि ते मला रात्रभर छळत राहिलं. एकाच गाण्याबद्दल दोन प्रामाणिक माणसांची मतं इतकी वेगळी का होतात, हे समजायचं तर बरंच मागं जावं लागतं.

गोव्यात गाणं ऐकण्याची शाळा म्हणजे देऊळ. मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे इथले सभामंडप आणि चौक. पालखी बाहेर पडायची, थांब्यावर थांबायची आणि तिथं देवापुढं गाणं व्हायचं. गाणारी आणि ऐकणारे यांच्यात फार तर दहा-पंधरा हातांचं अंतर. माइक नाही, उंच मंच नाही. चीज, म्हणजे गायची बंदिश, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली की माना एकदम हलत, कुणाच्या तोंडून 'ओहो' निघे, कुणाचा हात आपोआप वर जाई. गाण्याचा पुढचा रस्ता या दादेवर ठरे. सुरांची एखादी जागा पसंत पडली असं दिसलं की गायिका ती आणखी खुलवायची. मंडपात चुळबूळ सुरू झाली की संथ विलंबित आटोपतं घेऊन जलद द्रुतकडे वळायची. लोक गप्प राहिले तर तेही तिला कळायचं. ऐकणाऱ्याचं मत गाणं संपल्यावर नव्हे, गाणं चालू असताना दिलं जायचं, आणि ज्याला द्यायचं त्यालाच ते पोचायचं.

त्या काळाचं गोड चित्र रंगवून थांबणं मात्र मला पटत नाही. दाद देणारे बहुतेक पुरुष होते, पैसे मोजणारे यजमान होते. गाणाऱ्या बहुतेक स्त्रिया देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या. ज्या माणसानं रात्री तिच्या तानेवर मान डोलावली, तोच सकाळी रस्त्यात तिला ओळख दाखवीत नसे. तिच्या गळ्याबद्दलचं मत आणि तिच्या जन्माबद्दलचं मत यांची सरमिसळ ठरलेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत याच समाजातून सुधारणेची चळवळ उभी राहिली, त्यातूनच पुढं गोमंतक मराठा समाज ही ओळख घडली. आजही एखाद्या गायिकेचा व्हिडिओ पाहून लोक आधी तिच्या साडीबद्दल, वयाबद्दल, चेहऱ्याबद्दल बोलतात आणि गाण्यावर शेवटी येतात, तेव्हा मला त्या सभामंडपातलं जुनं दुखणं आठवतं. पाहणारे बदलले, नजर पुरती बदललेली नाही.

या पार्श्वभूमीवर गायिका केसरबाई केरकर यांच्याकडे पाहावं. जन्म १८९२, गाव फोंडा तालुक्यातलं केरी. लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे, मग गोव्यात लामगावला रामकृष्णबुवा वझ्यांकडे, आणि १९२१ पासून जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांच्याकडे तालीम. खाँसाहेबांच्या गळ्याचं एकही ध्वनिमुद्रण मागे राहिलेलं नाही. त्यांच्या या शिष्येनंही यंत्रापुढं गाण्याची फारशी उत्सुकता दाखवली नाही. ७८ गतीच्या काही ग्रामोफोन तबकड्या निघाल्या, पण एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. जयपूर-अत्रौली गायकीत तेवढ्या वेळात रागाची ओळख करून देणंही कठीण. आलापाची एकसंध लड, एका श्वासात उलगडणारी तान आणि तालाच्या आवर्तनाशी तिचं घट्ट नातं, हे सगळं तीन मिनिटांत कोंबायचं म्हणजे समुद्र घागरीत भरायचा. बाईंचा तो नकार मला अहंकार वाटत नाही. आपलं गाणं कुणी, कुठं बसून, कसं ऐकावं हे आपण ठरवणार, असं म्हणायचा अधिकार त्यांनी मोठ्या कष्टानं मिळवला होता. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना तो कुणी दिलाच नव्हता, त्यांनी तो असा जपला तर नवल नाही.

आणि तरीही गोव्याच्या मातीतल्या गळ्यांपैकी सर्वांत दूर गेला तो त्यांचाच, तोही एका तबकडीवरूनच. 'जात कहाँ हो' ही त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत घातली गेली. व्हॉयेजर-१ पाच सप्टेंबरला सुटलं, सोळा सप्टेंबरला केसरबाई गेल्या. साडेतीन मिनिटांच्या त्या गाण्यात श्रोत्यांचा श्वासही ऐकू येत नाही. समोर कुणी नव्हतंच.

तबकडीनं ऐकणाऱ्यांची एक सवय बिघडवली, ती नाट्यसंगीतात अधिक दिसली. गोव्यात उत्सवी नाटक म्हणजे रात्रभरचा मामला. पद आवडलं की 'वन्समोअर', पुन्हा आवडलं की पुन्हा, आणि पडदा पडेपर्यंत उजाडायचं. वन्समोअर हे प्रेक्षकाचं मतच होतं, पण ते देताना प्रेक्षकालाही किंमत मोजावी लागे: झोप, बूड आणि दुसऱ्या दिवशीचं काम. मंगेशीच्या दीनानाथांची पदं तबकड्यांवर आली आणि लोकांच्या कानांत त्या पदांचं एक रूप पक्कं बसलं. मग गावच्या नटानं पदात एखादी नवी हरकत घेतली की मागून कुजबूज व्हायची, 'थाळीत', म्हणजे तबकडीत, 'असं नाही.' सूर बरोबर होता की नाही, हा प्रश्न मागं पडला. तबकडीशी जुळला की नाही, हा पुढं आला. पुढं जितेंद्र अभिषेकी, जन्म १९२९ आणि गाव पुन्हा मंगेशीच, यांनी 'मत्स्यगंधा', 'ययाति आणि देवयानी', 'कट्यार काळजात घुसली' अशा नाटकांना दिलेलं संगीतही लोकांनी आधी रंगमंदिरात आणि मग घरात ऐकलं. त्या पदांची जिवंत मैफल ऐकताना आजही कित्येकांच्या कानात मूळ मुद्रणच वाजत असतं.

आकाशवाणी आली आणि ऐकणाऱ्याच्या मताला गाणाऱ्यापर्यंत जायची वाटच उरली नाही. पोर्तुगिजांच्या काळात इथं 'एमिसोरा द गोवा' ही नभोवाणी होती. मुक्तीनंतर पणजीत आकाशवाणी सुरू झाली. राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ पासून होता, आता तो घरच्या रेडिओवर नीट लागू लागला. गायक मुंबईत नाही तर दिल्लीत, श्रोता सांगे-काणकोणात. 'वा' म्हटलं तरी ऐकणार कोण? मत मग शेजाऱ्याला सांगायचं, पत्रात लिहायचं, नाही तर वर्तमानपत्रात. १९६२ साली 'दैनिक गोमन्तक' निघाला आणि मैफलीचं परीक्षण छापून येण्याची सवय इथल्या वाचकाला लागली. चांगला परीक्षक आधी स्वतः मैफलीत बसायचा. कोणता राग, कोणती चीज, ताल कोणता, साथ कशी, कुठली जागा जमली आणि कुठली हुकली, एवढं लिहून मगच तो 'रंगली' किंवा 'रंगली नाही' म्हणायचा. घरच्या फोनवरच्या मतांत मला आज हा क्रमच सापडत नाही.

कॅसेटचा काळ लवकर सांगून टाकतो. साठ-नव्वद मिनिटांची कॅसेट आली, अख्खा ख्याल मावू लागला, उत्सवात वाजलेलं गाणं गावोगाव फिरलं, आणि फितीची खरखर लोकांनी आनंदानं सहन केली. मग घरोघरी दूरदर्शन आलं, व्हिडिओ कॅमेरे आले आणि गायक दिसू लागला. इथं एक मोठा बदल झाला. आधी यंत्रातून फक्त ऐकू येत होतं. आता हातवारे, तोंड वाकडं होणं, घाम पुसणं हेसुद्धा मतांत शिरलं. सभामंडपात हे सगळं दिसतच होतं, पण समईच्या उजेडात, दहा-पंधरा हातांवरून. कॅमेरा चेहऱ्यावर येऊन थांबतो, आणि सूर लावताना गायकाच्या भुवया वर गेल्या की पाहणारा आधी भुवयांबद्दल बोलतो.

आता आमच्या घरच्या वादाकडे येतो, कारण त्याचं उत्तर या सगळ्या इतिहासापेक्षा ध्वनिमुद्रणाच्या कामात अधिक आहे. फोनच्या बारीक स्पीकरला साधारण ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज धड काढता येत नाही. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज, म्हणजे 'सा', १३९ हर्ट्झच्या आसपास, तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा 'सा', सत्तरच्या आसपास, बायाँचा, डाव्या हाताच्या डग्ग्याचा, घुमाराही त्याच टापूत. म्हणजे ज्या पायावर गाणं उभं असतं तो फोनवर बहुतांशी नाहीसा होतो. उरतो तबल्याच्या काठावरच्या चाटीचा खणखणाट आणि पेटीचा चढा सूर. माझा भाऊ म्हणाला होता, तबला अंगावर येत होता. त्याच्या फोनवर तो खरोखरच तसा येत होता. शिवाय फोन रेकॉर्ड करताना बारीक आवाज आपोआप वाढवतो आणि मोठा दाबतो. खालच्या मंद्रातून हळूहळू चढत वरच्या तारषड्जाला पोचलेली लड सगळीकडे सारख्याच उंचीची वाटते, चढण कानाला लागतच नाही. मग पाहणारा म्हणतो, गायकानं जीव ओतला नाही.

याच्या उलट व्यावसायिक रेकॉर्डिंग. तिथं मिक्सरमधून सरळ लाइन घेतात. गायकाचा माइक तोंडाशी, तबल्याचे दोन, पेटीचा एक. आवाज स्वच्छ येतो, खोकला नाही, खुर्चीची करकर नाही. आणि दादही नाही. शेवटी टाळ्या येतात, त्याही लांबून. मैफलीतला अर्धा संवाद यंत्राच्या बाहेरच राहतो. अशा मुद्रणात गायकानं एखादी जागा तीनदा का घेतली ते कळत नाही. घरी बसलेल्याला ती उगाच लांबण वाटते. पहिल्या रांगेत कुणीतरी हात उचलला होता आणि गायक त्याला उत्तर देत होता, हे पडद्यावर दिसतच नाही. गायिका किशोरी आमोणकर मैफलीत श्रोत्यांनी अगदी स्तब्ध राहावं असा आग्रह धरायच्या. श्रोत्यांची ती स्तब्धतासुद्धा मंडपात जाणवायची, तिला वजन असायचं. मिक्सरच्या लाइनवर ती निव्वळ पोकळी असते.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. गोव्यातल्या उत्सव समित्या आणि संगीत संमेलनं भरवणाऱ्या संस्था आता प्रत्येक मैफलीचं चित्रण करतात, ते उत्तमच आहे. त्यात एक माइक श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा आणि त्याचा आवाज अंतिम मुद्रणात थोडा मिसळा. खर्च नाममात्र आहे. वास्कोच्या दामोदर सप्ताहात लोक रस्त्यावरच्या एका बैठकीतून दुसरीकडे चालत जातात, जिथं रंगलं तिथं थांबतात. एवढ्या जाणत्या श्रोत्यांचा प्रतिसाद कुठंच नोंदला जात नाही, ही मला खरी हानी वाटते. आणि व्हिडिओ पाहून मत देणाऱ्यांनी निदान कानाला चांगले हेडफोन लावावेत, आलाप पळवू नये, आणि कुठली जागा आवडली किंवा खटकली ते नेमकं सांगावं.

हे मी ठामपणे म्हणतो, त्याला कारण घरातली एक स्पूल आहे. सत्तरच्या दशकात वडिलांनी एका देवळातली बैठक उसन्या टेपरेकॉर्डरवर घेतली होती. एकच माइक, खांबाला बांधलेला. अलीकडेच ती संगणकावर उतरवून घेतली. आवाज वाईट आहे. मूल रडतं, कुणीतरी पितळी तांब्या पाडतं, पहाटेचा कोंबडा आरवतो. साथीची पेटी दूर, तंबोरे मात्र भरून आलेले. गाणाऱ्या बाई ललत रागात तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर येतात, सम अजून अर्ध्या मात्रेवर आहे, आणि खांबाजवळून एक पुरुषी 'ओहो' ऐकू येतो. तो वडिलांचा आवाज आहे, मला ओळखायला क्षणही लागला नाही. त्यानंतर बाई तीच जागा पुन्हा घेतात, यावेळी थोडी सावकाश.