पार्श्वभूमी: अ‍ॅपलाचियन ट्रेल मुळात कुणासाठी आखली?

अ‍ॅपलाचियन ट्रेल म्हटलं की आठवतो तो पाठीवर अख्खा संसार बांधून पाच-सहा महिने चालणारा दाढीवाला. अमेरिकेत जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत १४ राज्यांतून जाणारी, साडेतीन हजार किलोमीटरांहून लांब अशी ही वाट. ती एका दमात संपवायला दरवर्षी तीनेक हजार लोक निघतात आणि त्यातले बहुतेक अर्ध्यावर सोडतात. वर्षभरात या वाटेवर पाऊल टाकणारे मात्र तीस लाखांच्या घरात. सकाळी गाडी लावायची, एखादा टप्पा चालायचा, अंधाराच्या आत परतायचं, अशीच यातल्या बहुतेकांची तऱ्हा. त्यांना हौशी म्हणून नाक मुरडणारे भेटतात, पण इतिहास त्यांच्याच बाजूचा आहे.

बेंटन मकाय हा वनशास्त्र शिकलेला माणूस. १९२१च्या एप्रिलमध्ये त्याच्या बायकोने आत्महत्या केली. त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात त्याचा लेख आला. गिर्यारोहण हा लेखाचा विषयच नव्हता. शहरात राबणाऱ्यांना मोकळा वेळ मिळाला तर तो घालवायला जागा कुठे, हा त्याचा प्रश्न. डोंगरमाथ्यावरून एक वाट, तिच्या कडेने निवारे, वस्त्या, शेतीची शिबिरं असा त्याचा मोठा बेत होता. वाट हा सगळं ओवणारा धागा. शिबिरं कागदावरच राहिली, धागा तेवढा उरला. प्रत्येक भाग तिथल्या स्थानिक मंडळींनी सांभाळावा, हेही त्याने तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

न्यूयॉर्कच्या भटक्यांना हे सांगावं लागलं नाही. १९२०मध्येच त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन शहराजवळच्या हॅरिमनच्या जंगलात वाटा काढायला घेतल्या होत्या. पहिली वाट टक्सिडोपासून जोन्स पॉइंटपर्यंत. सुट्टीच्या दिवशी शहरातून यायचं, चालायचं आणि रात्री घरी, असा सरळ हिशेब. त्यांचा म्होरक्या रेमंड टॉरी वर्तमानपत्रात भटकंतीवर सदर लिहायचा. अ‍ॅपलाचियन ट्रेलचा पहिला खास बांधलेला तुकडाही याच मंडळींचा: बेअर माउंटन ते आर्डन, ७ ऑक्टोबर १९२३ला खुला झाला. त्यावर ‘लेमन स्क्वीझर’ नावाची जागा आहे. दोन कातळांमधली फट इतकी अरुंद, की पाठीवरची पिशवी काढून हातात धरावी लागते. महिन्याभराचं ओझं घेऊन आलेला इथे वैतागतो. डबा आणि पाण्याची बाटली एवढंच जवळ असलेला हसत पार होतो.

अखंड वाट उभी राहिली ती मायरन एव्हरी या वकिलामुळे. सायकलच्या चाकाचं मोजयंत्र ढकलत तो मैलन्‌मैल मोजत फिरला. सगळी वाट चालणारा पहिला माणूस तोच, पण तुकड्या-तुकड्यांनी, वर्षं घालवून. १४ ऑगस्ट १९३७ला मेनमध्ये शेवटचा तुकडा जोडला गेला. १९४८मध्ये अर्ल शॅफरने सगळी वाट एकाच हंगामात संपवल्याचं सांगितलं, तेव्हा वाट सांभाळणाऱ्या संस्थेलाच आधी खरं वाटेना. १९५५मध्ये ६७ वर्षांच्या एमा गेटवूड कापडी बूट घालून, खांद्यावर घरी शिवलेली झोळी टाकून चालल्या आणि ‘थ्रू-हायकर’ची, म्हणजे सगळी वाट एका दमात चालणाऱ्याची, दंतकथा पक्की झाली.

मकाय आणि एव्हरी यांचं फाटलं ते रस्त्यावरून. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात डोंगरमाथ्यावर स्कायलाइन ड्राइव्ह बांधायला घेतला, तेव्हा एव्हरी म्हणाला, वाट सरकवू. मकायला माथ्यावर मोटारी नकोच होत्या. १९३५मध्ये दोघांनी एकमेकांचं नाव टाकलं. माझं मन मकायकडे झुकतं. पण आज शेनान्डोआत पोराबाळांसह दोन तास चालून येता येतं, ते वाट त्याच रस्त्याला पुन्हा पुन्हा छेदते म्हणून.

१९६८च्या कायद्याने या वाटेला राष्ट्रीय दर्जा दिला. वाट दाखवणारे झाडांवरचे दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे सगळीकडे तेच. न्यूयॉर्क राज्यात पॉलिंगजवळ ते रेल्वेरुळांपाशी येतात. तिथे १९९०पासून एक चिमुकला फलाट आहे, स्टेशनचं नावच ‘अ‍ॅपलाचियन ट्रेल’. गाडी थांबते ती मुख्यतः शनिवार-रविवारी.