खापर सावकाश देतं, तवा एकदम

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवसांत भर दुपारी दाराच्या लोखंडी कडीला हात लावून पाहा. चटका बसतो. त्याच दाराच्या फळीवर मात्र तळहात टेकवता येतो. दोन्ही एकाच उन्हात तापलेल्या, तापमानही जवळपास सारखंच. फरक पडतो तो उष्णता हाताला किती झपाट्याने मिळते यात. खापर, म्हणजे पोळ्या भाजायचं मातीचं भांडं, आणि तवा यांच्यातला फरकही हाच आहे.

आखाजीला लेकी माहेरी आल्या की आमच्याकडे चुलीवर खापर पालथं चढतं आणि हातावर झुलवून मोठी केलेली पुरणपोळी त्यावर पडते. पोळी पातळ, आत गूळ. जरा जास्त आच लागली की करपलीच. आता समजा, खापर आणि लोखंडी तवा दोन्ही २५० अंश सेल्सिअसला तापलेत. ढोबळ हिशेब केला तर पोळी टेकताच तिच्या खालच्या अंगाचं तापमान तव्यावर २३० अंशांच्या घरात जातं, खापरावर मात्र १४०-१५०च्या आसपास राहतं. लोखंडातून उष्णता मातीपेक्षा कितीतरी पट सहज वाहते. तव्याच्या पोटातली उष्णता लगेच वर धावून येते. खापराचा वरचा थर पोळीला ऊब देऊन निवतो आणि आतून भरपाई व्हायला वेळ लागतो.

साधारण १४० अंशांपासून पिठातली प्रथिनं आणि साखर यांच्यात ती प्रक्रिया जोर धरते, जिच्यामुळे तांबूस ठिपके आणि खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. खापर पोळीला नेमकं या टप्प्याशी नेऊन सोडतं. मला खापराचं सगळ्यात मोठं कौतुक वाटतं ते इथे.

ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी वेगळी. ती जाड, ओली. तिला भरपूर उष्णता हवी आणि तीही लवकर. म्हणून तिला जाड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा मानवतो. थंड भाकरी पडली तरी त्याचं तापमान फारसं उतरत नाही, कारण वजनदार तव्यात उष्णतेचा साठाच मोठा असतो. पातळ पत्र्याचा तवा ज्योतीच्या जागी लाल होतो आणि कडेला गारच राहतो. भाकरी टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतो, तो वरचं पीठ शिजण्याआधी सुकून तडकू नये म्हणून. पुढे आतल्या पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची दीड लिटरहून अधिक वाफ होते, तिनेच भाकरी टम्म फुगते. भाकरीला कुठे भोक पडलं की वाफ तिथूनच निसटते.

तवा तापला का, हे पाण्याच्या थेंबाला विचारावं. थेंब चर्र होऊन लगेच उडाला, तर भाकरी टाकायला हरकत नाही. थेंब गोळी होऊन तव्यावर पळत सुटला, तर तवा फार तापलाय: थेंबाखाली वाफेचा थर तयार होऊन तो अधांतरी तरंगतोय. अशा वेळी आच कमी करून थोडं थांबावं.

नव्या बिडाच्या तव्याला घडवावं लागतं. घासून, धुऊन, आचेवर पूर्ण कोरडा करावा. मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, कोरड्या फडक्याने जवळजवळ पुसूनच टाकावा आणि धूर निघेपर्यंत तापवावा. हे चार-पाच वेळा करावं. तापलेल्या तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने एकमेकांत गुंफले जातात आणि टणक काळा थर बसतो. तेल जास्त झालं तर तो थर चिकट राहतो. बहुतेकांची चूक इथेच होते. चिंच-टोमॅटोचा आंबट रस्सा अशा भांड्यात उकळत ठेवू नये, आम्ल तो थर खातं.

कुकरचं थोडक्यात सांगते. शिट्टीचं वजन आतला दाब ठरवतं आणि दाब पाण्याचं तापमान, साधारण १२० अंश. शिट्टी होऊ लागल्यावर आच मोठी ठेवली तर आतलं तापमान वाढत नाही, नुसती वाफ बाहेर जाते आणि गॅस जळतो. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक केली तरी तुरीची डाळ तितक्याच वेळात शिजते.

आणि खापर. तापलेल्या खापरावर गार पाणी कधी ओतू नये. वरचा थर एकदम आकसतो, आतला अजून फुगलेलाच असतो आणि मातीला हा ताण सोसत नाही. पावसाळ्यात ओल धरलेलं खापर आधी मंद आचेवर निवांत सुकू द्यावं, नाहीतर अडकलेल्या पाण्याची वाफ त्याला फोडते. आमची आजी पोळ्या झाल्या की चुलीतली लाकडं ओढून घ्यायची आणि खापर तसंच ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते खाली उतरायचं.