जेवणाच्या शब्दात घोडा

जेवण आटोपलं की जपानी माणूस ‘गोचिसोसामा’ म्हणतो. आपल्या ‘अन्नदाता सुखी भव’च्या जवळचंच हे. पण यातला ‘चिसो’ कांजी लिपीत, म्हणजे चीनकडून आलेल्या चित्राक्षरांत, लिहिला की त्यात चक्क घोडा सापडतो. त्याची दोन्ही अक्षरं धावण्याची आणि पहिल्याच्या डाव्या अंगाला घोड्याचं चिन्ह. पाहुण्यासाठी जिन्नस जमवताना यजमानाची जी धावपळ झाली, तिचे हे आभार! एकदा हे कळलं की अक्षर विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही.

असं का होतं? कामचलाऊ स्मृतीत एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास धरला. पुढच्या संशोधकांनी तो चारवर आणला. ‘खाणे’ या अर्थाच्या कांजीत रेघाच नऊ. सुट्या रेघा घोकणाऱ्याची तिथेच दमछाक होते. पण तेच अक्षर ‘झाकण घातलेलं अन्नाचं भांडं’ म्हणून पाहिलं की नऊ रेघांची एक गोष्ट होते. (मूळ चित्रही तसंच होतं.)

मग हे भांडं जागोजागी भेटू लागतं. शेजारी तोंड उघडलेला माणूस आला की ‘पिणे’. ‘हान’ असा उच्चार सुचवणारा भाग जोडला की ‘गोहान’मधला भात. ग्रंथालयाला ‘तोशोकान’ म्हणतात. त्यातल्या ‘कान’मध्येही हेच भांडं! तिथे कोण जेवतं? कोणी नाही, पण हे अक्षर मुळात वाटसरूंना उतरायला नि जेवायला मिळे त्या वास्तूचं.

जेवायच्या काड्या म्हणजे ‘हाशी’. पूलही ‘हाशी’च. टोकियोच्या बोलीत फरक फक्त स्वराच्या चढ-उताराचा. कागदावर मात्र काड्यांच्या डोक्यावर बांबू असतो आणि पुलाच्या बाजूला लाकूड. काडीवरून काडीवर घास देणं म्हणजे ‘हाशीवाताशी’, आणि ते पंगतीत वर्ज्य. कारण दहनानंतर नातेवाईक अस्थी तशा उचलून देतात. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तो मृताचा भात. कुठला पदार्थ घ्यावा म्हणून काड्या नुसत्या फिरवत राहणं, ती ‘मायोईबाशी’, भांबावलेली काडी. हा दोष मात्र जगभरच्या बुफेत दिसतो.

गंमत म्हणजे, नित्य वापराच्या १९४५ कांजींची सरकारी यादी १९८१ साली निघाली, तेव्हा तिच्यात या काड्यांचं अक्षर नव्हतंच. ते आलं २०१० साली, यादी २१३६ वर गेली तेव्हा.