स्पर्शआलेख छापायचं सॉफ्टवेअर

स्पर्शआलेख म्हणजे बोटांनी वाचायचा ग्राफ. जाड कागदावर ठिपके उठवून अक्ष, रेषा, लेबलं काढतात आणि दृष्टिहीन माणूस दोन्ही हातांनी चाचपत तो वाचतो. छपाईला एम्बॉसर, म्हणजे कागदावर ठिपके उठवणारा प्रिंटर लागतो, नाहीतर फुगणारा कागद, म्हणजे काळ्या शाईत छापायचं, गरम मशीनमधून काढायचं की काळा भाग तेवढा वर येतो. पण खरं काम त्याआधीचं, सॉफ्टवेअरचं.

सांगलीचंच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात इथं घरोघरी एकच चौकशी, कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर? 40 ला इशारा, 45 ला धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्याही वर गेलेलं. स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, हे आकडे वाचून दाखवतो, पण पाणी किती झपाट्याने चढलं आणि उतरायला किती रेंगाळलं हे नुसतं ऐकून हाताला लागत नाही, त्यासाठी तो चढ बोटाखालीच यायला हवा.

आता अडचण बघा. ब्रेलचे ठिपके साधारण अडीच मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणजे ए-फोर कागदावर आडवे जेमतेम ऐंशी ठिपके मिळतात आणि स्क्रीनवरचा ग्राफ जसाच्या तसा पाठवला तर नुसता खरखरीत कागद हातात येतो. ब्रेलचं एक घर, म्हणजे एका अक्षराच्या सहा ठिपक्यांची जागा, सहा मिलिमीटर धरतं, आकड्याआधी ‘पुढे आकडा आहे’ हे सांगणारं अंकचिन्ह लागतं, त्यामुळे साधं ‘45’ लिहायला तीन घरं जातात आणि ‘आयर्विन पूल’ लिहायला दहा-अकरा, मग ग्राफला जागा कुठली उरणार! म्हणून लेबलाच्या जागी एकदोन अक्षरांची खूण ठेवायची आणि तिचा अर्थ वेगळ्या पानावर द्यायचा. मराठीचं ब्रेल करायला लिबलुई ही मुक्त लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा तयार कोड आहे, ते काम नव्याने करत बसू नये.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे पाण्याची रेषा धोक्याच्या रेषेला छेदते ती. दोन्ही रेषा सारख्याच ठिपक्यांच्या असल्या की बोट तिथं हमखास चुकतं आणि भलत्याच रेषेवर निघून जातं. मुख्य रेषा ठळक ठेवावी, धोक्याची विरळ, आणि छेदापाशी विरळ रेषा थोडी तोडावी. मागची चौकटजाळी तर बहुतेक वेळा काढूनच टाकावी.

ठिपक्यांची उंची बदलू शकणारे एम्बॉसरही आहेत. 1988 मध्ये दृष्टी गेलेले अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन गार्डनर यांच्या व्ह्यूप्लस कंपनीचा टायगर एम्बॉसर इंचाला 20 ठिपके उठवतो, तेही कमीजास्त उंचीचे. तरी साध्या एम्बॉसरवर नीट वाचता येईल असाच ग्राफ आधी बनवावा, कारण महागडं मशीन सगळ्या शाळांना परवडत नाही.

चाचणी मात्र ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडूनच आणि पहिल्या छपाईपासून घ्यावी. डोळस प्रोग्रामरने डोळे मिटून कागद चाचपला तरी ग्राफ त्याला आधीच ठाऊक असतो, त्यामुळे त्याला चूक सापडत नाही. आणि छापलेल्या कागदांवर वजन ठेवू नये, ठिपके दबले की 45 ची रेषा बोटाला लागतच नाही.