लायसन्स 10 वर्षांचं, सराव 90 दिवसांचा

कोयना धरणाच्या कामासाठी कराडजवळ धावपट्टी झाली, तेव्हा वैमानिकांना 1937 चे विमान नियम लागू होते. 1934 च्या मूळ कायद्याची जागा 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली, तरी आज सातारा-सांगलीतून बारामतीला उड्डाण शिकायला जाणाऱ्या मुलांच्या लायसन्सचा पाया तेच जुने नियम आहेत.

भारतातलं पहिलं लायसन्स जे. आर. डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी मिळालं. पुढे 1944 च्या शिकागो करारातून लायसन्सचे आंतरराष्ट्रीय निकष आले. 2023 मध्ये भारताने व्यावसायिक लायसन्सची मुदत 5 वरून 10 वर्षं केली. कागदपत्रांचा त्रास कमी झाला, हे चांगलंच झालं. पण लायसन्स खिशात असणं आणि उडायला पात्र असणं वेगळं. मेडिकल साधारण 12 महिन्यांचं, साठीनंतर 6 महिन्यांचं. आयआर, म्हणजे फक्त उपकरणांवर उडण्याचं रेटिंग, 12 महिन्यांचं. यातलं एक जरी संपलं, तरी त्यावर अवलंबून असलेलं उड्डाण थांबतं.

वैमानिकाला इंग्रजी बोलता-समजता येण्याची अट हरियाणातल्या चरखी दादरीच्या आठवणीशी जोडलेली आहे. 12 नोव्हेंबर 1996 ला तिथे दोन विमानं हवेत धडकून 349 माणसं गेली. रेडिओवरचं बोलणं नीट न समजणं हा त्या अपघातानंतरच्या चर्चेतला मोठा मुद्दा होता. मार्च 2008 पासून भाषेची पातळी तपासणं बंधनकारक झालं: चौथी पातळी 3 वर्षं चालते, पाचवी 6 वर्षं, सहावीला मुदत नाही.

विमान कंपन्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की मागच्या 90 दिवसांत त्याच प्रकारच्या विमानावर किंवा मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर 3 टेकऑफ आणि 3 लँडिंग हवीत. लांब पल्ल्याच्या उड्डाणात चार वैमानिक असले, तर प्रत्येकाच्या वाट्याला लँडिंग क्वचितच येतं. गफलत मोजणीत होते. 12 मे, 28 मे आणि 2 जूनला एकेक लँडिंग केलेला वैमानिक 2 जूनपासून मोजतो आणि 31 ऑगस्टपर्यंत निर्धास्त राहतो. मोजायचं मागून तिसऱ्या लँडिंगपासून, म्हणजे मुदत 10 ऑगस्टलाच भरते. त्यानंतर आधी सिम्युलेटर, मग प्रवासी.

शिकणाऱ्यांची अडचण वेगळी. व्यावसायिक लायसन्सला 200 तास लागतात, आणि त्यातले पीआयसी, म्हणजे विमानाचा प्रमुख वैमानिक, म्हणून किमान 15 तास अर्जाच्या आधीच्या 6 महिन्यांतले हवेत. मार्चमध्ये तास पूर्ण झाले, पण हवामानशास्त्राचा पेपर राहिला, की हे 15 तास शिळे होतात. मग पावसाळा येतो. बारामतीत पाऊस कमी, तरी ढग खाली उतरतात, आणि दृश्यमानता 5 किलोमीटर व ढगांची उंची 1500 फूट नसेल तर डोळ्यांनी पाहून उडता येत नाही. म्हणून आधी पेपर संपवावेत आणि शेवटचे 15 तास मुद्दाम राखून ठेवावेत.